आधी नांगर, मग आमिष: युकॅलिप्टस लागवडीतील पानकापी मुंग्यांचे एक प्रकरण

हे प्रकरण ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातील सेराडो, म्हणजे गवत आणि विरळ झाडांच्या, पट्ट्यातले आहे. तिथल्या युकॅलिप्टस लागवडींत वारंवार दिसणाऱ्या घटना इथे एकाच क्षेत्रावर आणून मांडल्या आहेत. क्षेत्राचे नाव दिलेले नाही, आणि शेताचे आकडे गोळाबेरीज करून उदाहरणादाखल दिले आहेत. मुंग्यांचे जीवशास्त्र आणि औषधांच्या मात्रा मात्र जशा आहेत तशाच आहेत.

पार्श्वभूमी

क्षेत्र 180 हेक्टरचे. तांबडी, खोल, निचऱ्याची जमीन. त्याआधी कित्येक वर्षे इथे ब्राकियारिया गवताचे कुरण होते. पश्चिमेला सुमारे दीड किलोमीटर लांब नैसर्गिक सेराडोची राखीव पट्टी आहे. 2012 च्या वनसंहितेनुसार अॅमेझॉन क्षेत्राबाहेरच्या जमीनधारकाला किमान 20 टक्के जमीन अशी राखून ठेवावी लागते. उत्तरेला ओढा आहे आणि त्याच्या काठची 30 मीटरची संरक्षित पट्टीही आहे. युरोफिला-ग्रँडिस संकरित वाणाची रोपे 3 × 3 मीटरवर, म्हणजे हेक्टरी 1,111, असा आराखडा होता. एकूण रोपे दोन लाखांच्या घरात, तोडणी सातव्या वर्षी, नंतर खोडवा.

पाने कापणाऱ्या मुंग्या अमेरिका खंडांबाहेर आढळत नाहीत. त्यांचे महत्त्वाचे गट दोन: अॅटा आणि अॅक्रोमिर्मेक्स. ब्राझीलमध्ये पहिल्याला 'साऊवा' आणि दुसऱ्याला 'केंकें' म्हणतात. या क्षेत्रात त्रास होता तो अॅटा सेक्सडेन्स आणि अॅटा लेव्हिगाटा या दोन साऊवांचा. कामकरी मुंग्या कापलेले पान खात नाहीत. त्या ते चघळून त्यावर जमिनीखाली ल्युकोअॅगॅरिकस गाँगिलोफोरस ही बुरशी वाढवतात आणि त्या बुरशीवर सगळी पिल्ले पोसतात. मोठ्या मुंग्यांना मात्र बरीच ऊर्जा पान कापताना चाटलेल्या रसातून मिळते. आमिषाचे, म्हणजे मुंग्यांनी स्वतः उचलून आत न्यायच्या विषारी दाण्यांचे, गणित समजण्यासाठी हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

वसाहत कशी वाढते आणि किती टिकतात

पावसाळ्याच्या तोंडाला, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, भिजपाऊस होऊन ऊन पडले की मोठ्या वारुळांतून पंखवाले नर आणि माद्या हजारोंनी उडतात. मादीचा अनेक नरांशी संग होतो, ती जमिनीवर उतरते, पंख गाळते आणि भोक पाडू लागते. तोंडातल्या एका कप्प्यात तिने आईच्या वारुळातला बुरशीचा कण आणलेला असतो. दहा ते तीस सेंटिमीटर खोल एक कोठडी करून ती वरचे भोक बुजवते. दोनेक दिवसांत बुरशीचा कण ओकते, पाच-सहा दिवसांत अंडी घालू लागते. तिची बरीच अंडी पिल्लांसाठी नसतातच, ती खाण्यासाठी असतात. पहिल्या कामकरी मुंग्या साधारण दोन महिन्यांनी बाहेर पडतात आणि तिसऱ्या महिन्याच्या आसपास पहिले भोक उघडते.

त्यानंतर वर्षभर बाहेरून जवळजवळ काही दिसत नाही. दुसरे भोक उघडते ते चौदा-पंधरा महिन्यांनी. तिथून मात्र वाढीला वेग येतो. वीस महिन्यांपर्यंत भोकांची संख्या दहाच्या आसपास जाते आणि तीन वर्षे उलटून गेल्यावर, सुमारे अडतिसाव्या महिन्यात, ती वसाहत स्वतःच्या पंखवाल्या मुंग्या उडवते. पूर्ण वाढलेल्या वारुळात लाखो कामकरी मुंग्या असतात. लेव्हिगाटाचे वारूळ सिमेंट ओतून खणले तेव्हा सात मीटर खोलीपर्यंत हजारो कोठड्या सापडल्या आहेत. राणी दहा-पंधरा वर्षे जगते, म्हणजे लागवडीच्या दोन फेऱ्या ती पाहते.

मात्र उतरलेल्या राण्यांपैकी इथवर पोचणाऱ्या अगदी थोड्या. साओ पाउलोत मारिओ आउतुओरी यांनी 1940 च्या दशकात केलेल्या नोंदींत सेक्सडेन्सच्या नव्या वसाहतींपैकी तीन महिन्यांनी शंभरात दोन-तीनच जिवंत होत्या. पक्षी, आर्माडिलो, इतर मुंग्या आणि राणीचे डोके कापणारा कँथॉन हा शेणकिडा त्यांना टिपतात. कोठडीत पाणी शिरते, बुरशीचा कण कुजतो. या मरतुकीचा थेट संबंध या प्रकरणातील एका निर्णयाशी आहे, तो पुढे येईल.

काय घडले

जून: कुरण ताब्यात आले. दोघांनी गाडीतून रस्त्यारस्त्याने फिरून 31 वारुळे मोजली. नोंदवहीत रकाना एकच होता, 'संख्या'.

जुलै: गवतावर तणनाशक.

ऑगस्ट: आमिषाची खरेदी लांबली. कृषितज्ज्ञाच्या लेखी शिफारशीशिवाय हे औषध मिळत नाही, आणि ती शिफारस वेळेत मागितली गेली नव्हती. यंत्राची तारीख मात्र ठरलेली होती. इथे पहिला निर्णय झाला: 'नांगरट थांबवायची नाही, आमिष नंतर टाकू.' लागवडीच्या ओळींत 60 सेंटिमीटर खोल नांगर फिरला.

हीच खरी चूक. नांगराने वारूळ मरत नाही, कारण राणी आणि बुरशीच्या बहुतेक बागा त्याच्या खाली असतात. मोडतात ती वरची भोके, वाटा आणि सैल मातीचा ढीग. वसाहत मग आत दडून दुरुस्तीला लागते आणि पाने आणणे जवळपास बंद होते. ब्राझीलचे वनकामगार अशा वारुळाला 'रुसलेले' म्हणतात. रुसलेल्या वारुळावर उपाय करता येत नाही: ते दिसत नाही, आणि दिसले तरी आमिष उचलत नाही.

सप्टेंबर: आमिष आले. जुन्या यादीवरून प्रत्येक वारुळाला अंदाजे 100 ग्रॅम, एकूण 3.1 किलो टाकले. बरेचसे दाणे तसेच पडून राहिले आणि पहिल्या सरीत फुगून विरघळले. अहवालात लिहिले गेले: 'मुंग्यांची हालचाल नगण्य.' वाक्य खरे होते. त्यातून काढलेला अर्थ चुकीचा होता.

नोव्हेंबर: लागवड.

डिसेंबरचा दुसरा आठवडा: राखीव पट्टीलगत आणि क्षेत्राच्या मधल्या भागात मिळून सुमारे 35 हेक्टरवर रोपांचे शेंडे आणि पाने साफ. कोवळ्या खोडासकट कापलेली रोपेही होती. वर्षाचे रोप एकदा पानगळती सोसते, पण महिन्याच्या रोपाकडे साठाच नसतो. दुसऱ्यांदा कापले की ते बहुधा मरते.

तातडीने नांग्या भरल्या, म्हणजे गेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपे लावली. आठ दिवसांत नवी रोपेही गेली. रोपवाटिकेतून आलेले लुसलुशीत पान आजूबाजूच्या कशाहीपेक्षा मुंग्यांना सोयीचे असते. वाट थांबवण्याआधी नांग्या भरणे म्हणजे त्यांना पुन्हा ताट वाढणे.

समोरचे पर्याय

पावसाळा ऐन भरात होता, म्हणून प्रत्येक पर्यायाला काही ना काही अडचण होती.

सुटे आमिष पुन्हा टाकणे. हे दाणे म्हणजे संत्र्याचा वाळवलेला चोथा, वनस्पती तेल आणि 0.3 टक्के सल्फ्ल्युरामिड हे कीटकनाशक. ओल्या जमिनीवर किंवा पाऊस येण्याच्या बेतात ते टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे. चोथा पाणी ओढतो आणि मुंग्या तो उचलत नाहीत.

छोट्या पुड्या. दहा ग्रॅम आमिष पातळ वेष्टनात असते, मुंग्या ते कुरतडून उघडतात. पावसात टिकतात, पण मोठ्या वारुळाला दहा-वीस ग्रॅमने काहीच होत नाही.

धुरारी. गरम यंत्रातून तेलात मिसळलेल्या कीटकनाशकाचा धूर भोकातून आत सोडायचा. ओल्या जमिनीतही चालते आणि परिणाम लगेच दिसतो. पण जिवंत भोक शोधावे लागते, माणसे जास्त लागतात, आणि यंत्र चालवणाऱ्याच्या अंगावर विष येण्याचा धोका सगळ्यांत मोठा.

भुकटी. कोरड्या मातीत आणि लहान वारुळात उपयोगी. डिसेंबरमध्ये नळीच्या तोंडाशीच तिचा गोळा होतो. हा पर्याय लगेच बाद झाला.

जैविक उपाय. मेटारायझियम आणि ब्युव्हेरिया या बुरशींचे प्रयोग झाले आहेत. प्रयोगशाळेत त्या मुंग्या मारतात, पण शेतातल्या मोठ्या वारुळात कामकरी मुंग्या एकमेकींचे अंग साफ करतात आणि बाधित कचरा बाहेर काढतात. दोन लाख रोपे पणाला लागलेली असताना एवढ्यावर विसंबणे शक्य नव्हते.

एप्रिलपर्यंत थांबणे. कोरड्या ऋतूत सगळे नीट करता आले असते, पण महिना-दीड महिन्यानंतर भरलेली नांगी शेजारच्या झाडांच्या सावलीत दबते आणि तोडणीला तिचे लाकूड फारसे मिळत नाही.

निर्णय आणि कृती

ठरले ते असे: आधी वाटा उलट्या चालत जाऊन वारूळ शोधायचे, मोठ्यांना धुरारी, लहानांना पुड्या, आणि वाटेवरची वर्दळ थांबल्यावरच नांग्या.

शोध संध्याकाळी आणि रात्री टॉर्च घेऊन केला, कारण उन्हाच्या दिवसांत मुंग्यांची खरी वर्दळ तेव्हाच असते. पान घेऊन जाणाऱ्या मुंगीच्या मागे जायचे, रिकाम्या येणारीच्या नाही. हे सांगायची गरज नसावी, पण पहिल्या रात्री एक जोडी तासभर उलट दिशेने फिरली. चार रात्रींत 14 जिवंत वारुळे सापडली. पैकी सहा मोठ्यांवर धुरारी केली आणि आठ जागी पुड्या ठेवल्या.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वाटा थंडावल्या. सुमारे 9,000 नांग्या भरल्या आणि त्या टिकल्या.

याच सुमारास ओळींत जागोजागी बारीक ओल्या मातीचे दाणेदार ढीग दिसू लागले. नुकत्याच उतरलेल्या राण्यांची ही भोके होती. मुकादमाचे म्हणणे होते की सगळी खणून काढावीत. दिसायला हे अगदी बिनतोड वाटते: एक फावडे, एक राणी, एक वारूळ कमी. पण त्यातल्या शंभरातल्या सत्त्याण्णव आपसूक मरणार होत्या, आणि खणणाऱ्या टोळीला त्या सत्त्याण्णव कोणत्या हे कळण्याचा मार्ग नव्हता. म्हणून खणायचे नाही असे ठरले. त्याऐवजी ज्या ओळींत असे ढीग दाट होते त्या नकाशावर आखल्या आणि पंधरा ते अठरा महिन्यांनी तिथे पायी फेरी ठरवली. त्या वयाला टिकलेली वसाहत दोन-चार भोकांवरून ओळखता येते, एका पुडीत मरते आणि तिच्या स्वतःच्या उड्डाणाला अजून दीड-दोन वर्षे असतात. या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच म्हणावा लागेल. अट एकच, ठरवलेली फेरी विसरायची नाही.

तीस दिवसांची आणि नव्वद दिवसांची तपासणी

तीस दिवसांनी 14 पैकी 12 वारुळे 'मेली' अशी नोंद झाली. नव्वद दिवसांनी पाहिले तर पाच जिवंत होती.

सल्फ्ल्युरामिड हळू काम करते आणि ते मुद्दामच तसे निवडलेले आहे. झटपट मारणारे विष असते तर आमिष आणणाऱ्याच मरतात आणि बाकीच्या सावध होतात. इथे आणलेले दाणे चाटले, फोडले आणि बागेत लावले जातात. या कामात विष हजारो मुंग्यांत पसरते, त्यांच्या पेशींतील ऊर्जानिर्मिती बिघडते आणि त्या मरत जातात. पाने कापणे तीन-पाच दिवसांत थांबते, राणी आणि वसाहत संपायला मात्र कित्येक आठवडे जातात. मात्रा कमी पडली तर कापणे थांबते, महिना-दोन महिने शांतता राहते, आणि वाचलेल्या मुंग्या बुरशीचा उरलेला तुकडा सांभाळून पुन्हा उभ्या राहतात. त्यामुळे तीस दिवसांची तपासणी मेलेले आणि बेशुद्ध यांत फरक करू शकत नाही.

पाचपैकी चार वारुळे पुड्यांची होती. ती बाहेरून लहान वाटली कारण नांगराने सैल माती पसरवून टाकली होती. पाचवे धुरारीचे. नियम असा की एका भोकातून धूर सोडला की तो इतर भोकांतून निघेपर्यंत थांबायचे, निघेल तिथे माती दाबायची, मग पुढच्या भोकाकडे वळायचे. इथे जवळच्या चार भोकांतून धूर आला आणि यंत्र बंद झाले. पाने नेण्याची भोके ढिगापासून कित्येक मीटर लांब असू शकतात, तिकडचा भाग कोरडाच राहिला.

जिवंत-मृत ठरवायची पद्धतही बदलली. आधी नुसते 'हालचाल नाही' म्हणून सोडत होते. आता भोकात फांदी खुपसून पाहायची, मोठ्या डोक्याच्या रक्षक मुंग्या येतात का. चार-पाच भोके मातीने बुजवायची आणि दुसऱ्या दिवशी उघडली आहेत का ते पाहायचे.

कोरड्या ऋतूतील काम

एप्रिल-मेमध्ये दर चौथ्या ओळीतून, म्हणजे 12 मीटर अंतराने, पायी पाहणी झाली. सुरुवात रस्ते आणि जाळपट्ट्यांपासून (आग पसरू नये म्हणून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांपासून) केली, कारण उघडी जमीन राण्यांना आवडते आणि सेराडोत रस्त्यांच्या कडेला वारुळे जास्त असतात. 64 वारुळे सापडली. प्रत्येकाच्या सैल मातीची सर्वांत मोठी लांबी आणि सर्वांत मोठी रुंदी मोजून गुणाकार केला. बेरीज 1,900 चौरस मीटर आली. त्यातले 1,100 चौरस मीटर नऊच वारुळांचे होते.

सुट्या आमिषाची मात्रा सैल मातीच्या दर चौरस मीटरला 6 ते 10 ग्रॅम असते. इथे 8 धरली. उदाहरणार्थ, 12 × 8 मीटरच्या वारुळाला 96 × 8 म्हणजे 768 ग्रॅम. सप्टेंबरमध्ये त्याच वारुळाला 100 ग्रॅम मिळाले होते. सगळ्या 180 हेक्टरला लागले 15.2 किलो. एका माणसाला उचलता येईल एवढ्या मालाअभावी वर्ष बिघडले, हे वहीत वाचताना टोचते.

टाकण्याचे बारकावे असे. मात्रा विभागून सगळ्या जिवंत भोकांजवळ द्यायची. दाणे वाटेच्या बाजूला ठेवायचे, वाटेवर नाही आणि भोकात तर मुळीच नाही. मुंगीने स्वतः उचलून नेलेलेच आत स्वीकारले जाते, बाहेरून ढकललेले कचरा म्हणून फेकले जाते. हाताने शिवायचे नाही, मापाने टाकायचे. पोती डिझेल, खत किंवा तणनाशकाशेजारी ठेवली की दाण्यांना वास लागतो आणि मुंग्या तोंड फिरवतात. आधी अपुरे औषध मिळालेल्या पाच वारुळांजवळ मूठभर दाणे ठेवून उचल होते का ते पाहिले. बाधलेला पदार्थ या मुंग्या काही आठवडे टाळू शकतात. उचल दिसल्यावरच पूर्ण मात्रा दिली.

राखीव पट्टीतल्या वारुळांबाबत वाद झाला. साऊवा हा सेराडोचा मूळ रहिवासी आहे, त्याच्या ढिगांवर माती उलटते आणि बी रुजते. शिवाय सल्फ्ल्युरामिड जमिनीत पीएफओएस या चिवट रसायनात बदलू शकते. चिवट प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात 2009 साली पीएफओएस गटावर निर्बंध आले तेव्हा पानकापी मुंग्यांच्या आमिषाला सवलत मिळाली, आणि 2019 मध्ये ती शेतीच्या वापरापुरती आवळली गेली. म्हणून ठरले की पट्टीच्या आत शिरायचे नाही. ज्यांची वाट लागवडीत येते त्यांनाच, लागवडीच्या हद्दीत, वाटेच्या कडेला आमिष द्यायचे.

परिणाम

सप्टेंबरच्या तपासणीत 64 पैकी 58 वारुळे मेलेली होती. उरलेल्या सहांत दोन मोठी, दोन्ही राखीव पट्टीला टेकलेली. त्यांना पावसाआधी पुन्हा मात्रा दिली. पहिल्या वर्षाअखेर 35 हेक्टरची झाडे शेजारच्यांपेक्षा दिसण्याइतकी बुटकी राहिली. हा फरक काही अंशी तोडणीपर्यंत राहील.

वेगळे काय करता आले असते

नांगरटीच्या 30 ते 60 दिवस आधी, कोरड्या जमिनीवर आमिष पडायला हवे होते. खरेदी लांबली तर यंत्राची तारीख पुढे ढकलायची. ऑगस्टची नांगरट ऑक्टोबरपर्यंत थांबवली असती तर लागवड तरीही नोव्हेंबरमध्येच झाली असती, कारण ती पावसावर अवलंबून होती. हा विचार त्या वेळी कोणी मांडल्याची नोंद नाही. नांगर फिरलाच असेल तर रुसलेली वारुळे नवी भोके उघडेपर्यंत वाट पाहायची, जुन्या यादीवर दाणे उधळायचे नाहीत.

नोव्हेंबरनंतर ओळींमधले गवत सरसकट मारण्याऐवजी काही पट्टे ठेवता आले असते. झाकलेल्या जमिनीवर कमी राण्या बसतात आणि त्यांना खाणारे पक्षी-किडे जास्त राहतात. पण कोवळ्या रोपांना ब्राकियारियाची स्पर्धाही सोसत नाही, त्यामुळे रोपाभोवती मीटरभर जागा स्वच्छ आणि मधले पट्टे कापून ठेवलेले, ही तडजोड पुढच्या क्षेत्रात करून पाहायची आहे.

लागवडीनंतर पहिले तीन महिने दर आठवड्याला कडेच्या 60 मीटरमध्ये फेरी हवी होती. इथे पहिली फेरी नुकसान दिसल्यावर झाली.

पाहणीच्या वहीत आता चार रकाने आहेत: लांबी, रुंदी, जमीन शेवटची कधी हलवली ती तारीख, आणि आमिषानंतर नव्वदाव्या दिवसाची नोंद. चौथा रकाना रिकामा असेल तर ते वारूळ जिवंत धरले जाते. नकाशावर आखलेल्या ओळींची फेरी लागवडीनंतर येणाऱ्या दुसऱ्या कोरड्या ऋतूत लागली आहे. तोवर त्या राण्यांपैकी टिकलेल्या सोळा-अठरा महिन्यांच्या झालेल्या असतील.